वकीलसाहेबांचे रविवार

मी वाशीमच्या एका कॉलेजात संगणकशास्त्र शिकवतो. आमच्या विषयात वाद लवकर मिटतात. प्रोग्रॅम चालला की चालला, मग कोणाला पटवत बसावं लागत नाही. पण एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक असणं आणि आपल्यावर मुळीच विश्वास नसलेल्या माणसाने उलटसुलट प्रश्न विचारल्यावरही ती उभी राहणं, यात केवढं अंतर आहे ते मला एका वकिलांनी दाखवलं. माझ्या शिकवण्याचे सरळ दोन काळ पडतात, ते भेटण्याआधीचा आणि नंतरचा. हे ऋण फेडता येण्यासारखं नाही, निदान लिहून तरी ठेवावं. नाव छापायचं नाही ही त्यांची अट आहे, म्हणून इथे ते नुसते वकीलसाहेब.

वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. वकीलसाहेबांची फौजदारी वकिली त्याच्या कितीतरी आधीपासूनची. धुऱ्यावरच्या मारामाऱ्या, विहिरीच्या पाण्यावरून फुटलेली डोकी, बाजार समितीच्या आवारातून नाहीशी झालेली पोती, यांत त्यांची हयात गेली. जुन्या एखाद्या पंचनाम्यात विळा कुठे पडला होता आणि कंदील कोणत्या बाजूला होता, हे त्यांना आजही सांगता येतं. साठी ओलांडल्यावर त्यांच्या हाती असं एक आरोपपत्र आलं की ज्यात ना विळा होता, ना काठी, ना घटनास्थळ. पानंच्या पानं आकड्यांच्या ओळी होत्या. ते कागद घेऊन ते आमच्या प्रयोगशाळेत आले. कोणाची ओळख काढली नाही, आधी फोन केला नाही. दारात चपला काढल्या आणि म्हणाले, "मास्तर, हे वाचता येते का तुम्हाले?"

एका संकेतस्थळाची नोंदवही होती ती, ज्याला आम्ही लॉग म्हणतो. कोणत्या आयपी पत्त्यावरून, कधी, कोणत्या पानावर कोण आलं, याची ओळीओळीने नोंद. मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग विचारायला सुरुवात केली. ही नोंद कोणत्या यंत्राने केली? त्या यंत्राचा ताबा कोणाकडे होता? मधली एक ओळ कोणी बदलली तर ती बदलली हे कळेल का? आणि या ओळीपुढे जी वेळ लिहिली आहे, ते घड्याळ कोणाचं? काहींची उत्तरं मी तिथल्या तिथे दिली, काहींसाठी पुस्तकं काढली. उठताना ते म्हणाले, "सिस्टीमनं सांगितलं, असं कोर्टात चालत नाही मास्तर. सिस्टीमले शपथ देता येत नाही. शपथ माणसाले देतात. तो माणूस कोण, ते आधी पाहा."

मी इतकी वर्षं मुलांना लॉग वाचायला शिकवत होतो. त्या नोंदीमागे शपथ घेऊन उभा राहणारा माणूस कोण, हा प्रश्न आमच्या एकाही पाठ्यपुस्तकात नव्हता.

रविवारचा वर्ग त्या भेटीतून सुरू झाला. आमच्या जिल्ह्यातली बरीच मुलं कायदा शिकायला अकोल्याला, अमरावतीला जातात आणि सुट्टीला घरी येतात. त्यांतली काही वकीलसाहेबांकडे उमेदवारी करायला येत. दुसरीकडे माझी संगणकाची मुलं होतीच. साहेब म्हणाले, दोघांना एका बाकावर बसवू. अकोला नाक्याजवळ एका ओळखीच्यांची रिकामी खोली मिळाली. फी नाही, प्रमाणपत्र नाही, हजेरी नाही. नियम एकच, तो साहेबांनी घातला. कायद्याच्या एकाने आणि संगणकाच्या एकाने मिळून लिहायचं, एकट्याने लिहिलेला कागद ते हातात घेत नसत.

पहिले काही रविवार कठीण गेले. कायद्याच्या मुलांना वाटे, बिट आणि बाइट आपल्याला कशाला. संगणकाच्या मुलांना कलमांचा कंटाळा. त्यांना वाटे, चोर कोण ते शोधून काढलं की काम झालं, पुढचं पोलीस बघतील. मग साहेबांनी सरावासाठी एक खटला रचला, जोड्यांना सरकारी आणि बचावाची बाजू वाटून दिली आणि एक साधं काम दिलं. एका मोबाइल कंपनीला पत्र लिहायचं की अमुक आयपी पत्ता वापरणाऱ्या ग्राहकाची माहिती द्या. कायद्याच्या मुलांनी सुरेख मसुदे केले. कलम बरोबर, भाषा बरोबर, तारीख बरोबर. माझ्या एका विद्यार्थ्याने ते वाचले आणि म्हणाला, या पत्राला काहीच उत्तर येणार नाही, किंवा शेकडो नावांची यादी येईल.

कारण मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता एका वेळी शेकडो ग्राहकांमध्ये वाटतात. नुसता पत्ता आणि तारीख दिली तर माणूस सापडत नाही. पोर्ट क्रमांक हवा, सेकंदापर्यंत वेळ हवी आणि ती वेळ कोणत्या प्रमाणातली तेही हवं. बरेच सर्व्हर जागतिक प्रमाणवेळ लिहितात, आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. त्या सरावाच्या लॉगमध्ये ११ तारखेची १८ वाजून ४० मिनिटं अशी नोंद होती. म्हणजे आपल्याकडे १२ तारीख उजाडली होती, रात्रीचे बारा वाजून दहा मिनिटं. साहेबांनी रचलेल्या गोष्टीतला आरोपी ११ तारखेच्या संध्याकाळी कारंज्याला लग्नात होता आणि शंभर वऱ्हाडी साक्षीला होते. बचाव पक्षाची मुलगी त्या लग्नावर सगळा भार टाकून बसली होती. तारीख पालटली तसं लग्न निरुपयोगी झालं. पण ती मुलगी जागची हलली नाही. पुढच्या रविवारी ती सरकारी बाजूच्या जोडीवर उलटली. तुम्ही साडेपाच तास मिळवलेत, पण हा सर्व्हर जागतिक प्रमाणवेळच लिहितो हे सांगणारा कागद कुठे आहे? तो कागद कोणाकडेच नव्हता. वकीलसाहेब इतके खूश झालेले मी पुढे फारदा पाहिले नाहीत.

ती मुलगी पुढे पुन्हा येईल.

साहेबांची सगळ्यांत आवडती केस आमच्या शेजारच्या मराठवाड्यातली, जालन्याची. देशभरचे वकील आज ती अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल म्हणून शिकतात आणि तिच्या मुळाशी एक घड्याळ आहे. २०१४ ची विधानसभा निवडणूक. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत २७ सप्टेंबरला दुपारी तीन वाजता संपत होती. खोतकर २९६ मतांनी निवडून आले. गोरंट्याल यांचं म्हणणं असं की खोतकरांचे अर्ज तीननंतर स्वीकारले गेले. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कॅमेरे लावलेले होते, चित्रीकरण होतं, त्याच्या तबकड्याही मिळाल्या. फक्त पुरावा कायद्याच्या कलम ६५ब प्रमाणे लागणारं प्रमाणपत्र मिळेना. अर्ज झाले, मागण्या झाल्या, अधिकाऱ्यांनी ते दिलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक अधिकाऱ्यांच्या तोंडी साक्षीचा आधार घेतला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० रोजी न्यायमूर्ती नरिमन, रवींद्र भट आणि रामसुब्रमण्यन यांच्या पीठाने निकाल दिला. प्रत सादर करत असाल तर प्रमाणपत्र सक्तीचं आहे, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मूळ यंत्रच कोर्टात आणलं आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली तर गोष्ट वेगळी. आणि ज्याने प्रमाणपत्रासाठी करता येण्याजोगं सगळं करून पाहिलं, त्याच्याकडून कायदा अशक्य गोष्टीची अपेक्षा करत नाही. गोरंट्याल यांनी सगळं करून पाहिलं होतं, त्यामुळे खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं. तोवर २०१९ ची निवडणूक होऊन त्याच जागेवरून गोरंट्याल निवडूनही आले होते.

तेव्हा टाळेबंदी होती, वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरत होता. साहेबांचा नातू फोन धरून बसे आणि साहेब निकालाची छापील प्रत हातात घेऊन, एक-एक परिच्छेद वाचून, प्रत्येक जोडीला विचारत. माझ्या मुलांपैकी एकाने मधेच प्रश्न केला. सगळा वाद तीन वाजण्याचा आहे. मग असा खटला पुन्हा आला, तर चित्रीकरणावर उमटणारी वेळ खऱ्या वेळेशी जुळत होती हे आपण कसं दाखवायचं? कॅमेऱ्याच्या यंत्रातलं घड्याळ महिन्याला मिनिट-दोन मिनिटं सहज सरकतं. साहेबांनी निकाल खाली ठेवला. कायद्याच्या मुलांना म्हणाले, "हा प्रश्न तुमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आला होता? नाही ना? म्हणून बाजूले बसा एकमेकांच्या."

यंत्र ताब्यात घेताना आधी त्याचं घड्याळ पाहायचं, दुसऱ्या खात्रीच्या घड्याळाशी ताडायचं आणि फरक किती तो पंचनाम्यात लिहायचा, ही आमच्या वर्गाची सवय त्या दिवसापासूनची. तज्ज्ञांच्या पुस्तकांत ही गोष्ट आहे, मीही वाचलेली होती. ती हातात मुरली ती मात्र जालन्याच्या तीन वाजण्यामुळे.

दुसरं ऋण एका जमादारांचं. ते सायबर विभागात होते. राज्यात जिल्ह्याजिल्ह्यांत सायबर लॅब २०१६ च्या स्वातंत्र्यदिनी सुरू झाल्या, तेव्हापासून त्यांनी हे काम पाहिलेलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, त्यामुळे कागदावर जमादारांचं नाव कुठे नसे. पण फोन उचलणारे, बँकांना गाठणारे, रडणाऱ्या माणसाला पाणी देणारे तेच. साहेबांच्या शब्दाखातर ते वर्गात येऊ लागले. त्यांनी मुलांना पैशाचा प्रवास शिकवला. फसलेल्या माणसाचे पैसे एका खात्यात थांबत नाहीत. पहिल्या खात्यातून तीन-चार खात्यांत, तिथून आणखी दहा-बारा खात्यांत, मग एटीएममधून रोख. १९३० या क्रमांकावर तक्रार गेली की ज्या बँकेत पैसे पोचले तिला कळवलं जातं आणि शिल्लक असेल तेवढी रक्कम तिथेच रोखून धरली जाते. पुढे सरकली असेल तर पुढच्या बँकेला. "पहिला तास तुमचा, दुसरा त्याचा," असं ते म्हणत. "लोक पहिला तास नवऱ्याले कसं सांगू, पोराले कसं सांगू, यात घालवतात."

या वाक्यानंतर आम्ही वर्गाचा थोडा वेळ गावोगाव जाऊन बोलण्यासाठी राखला. मला हे काम अभ्यासक्रमाइतकंच मोलाचं वाटतं.

जमादारांनीच मुलांना पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं उदाहरण दिलं. ऑगस्ट २०१८, दोन दिवसांत ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. बँकेच्या यंत्रणेत घुसून एटीएमच्या मागण्या परस्पर मंजूर करणारी खोटी व्यवस्था उभी केली होती आणि अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. माझी मुलं त्या घुसखोरीच्या तंत्रावर बोलत राहिली असती. जमादार म्हणाले, हे करणारा डोकेबाज माणूस कुठे बसला होता ते सोडा, पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ज्या अकरा जणांना शिक्षा दिली त्यांच्याकडे बघा. कार्ड यंत्रात घालायला, पैसे मोजायला, पोचवायला इथलीच हाडामांसाची माणसं लागली आणि माणूस कॅमेऱ्यात दिसतो.

पालघरची आठवण कायद्याच्या मुलांनी काढली. नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरच्या एका मजकुरासाठी एका मुलीला आणि तो आवडल्याची खूण केली म्हणून तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. तेव्हा लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवलं. माझ्या मुलांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना वाटे, तपासाचं साधन जितकं धारदार तितकं चांगलं. साहेबांनी त्या दिवशी मुद्दाम दोन्ही बाजूंच्या जोड्या उलट केल्या आणि सगळ्या संगणकवाल्यांना आरोपीचा बचाव करायला लावला.

१ जुलै २०२४. जिल्ह्याच्या वाढदिवशीच तिन्ही नवे फौजदारी कायदे लागू झाले. जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि ६५ब च्या जागी कलम ६३. साहेबांची नजर आता अधू झाली होती, कोर्टात जाणं त्यांनी जवळजवळ थांबवलं होतं. त्यांनी मला घरी बोलावलं आणि परिशिष्टातला प्रमाणपत्राचा नमुना मोठ्याने वाचायला सांगितला. त्याचे दोन भाग आहेत. भाग अ पुरावा सादर करणाऱ्याने भरायचा. यंत्र कोणतं, कोणत्या कंपनीचं, रंग कोणता, अनुक्रमांक काय, ते कायदेशीर ताब्यात होतं का, त्या काळात नीट चालत होतं का. भाग ब तज्ज्ञाने भरायचा. दोन्हींत त्या नोंदीचं हॅश मूल्य आणि ते कोणत्या पद्धतीने काढलं ते लिहायचं.

हॅश म्हणजे कोणत्याही फाइलमधून गणिताने काढलेली ठराविक लांबीची खूण. एसएचए-२५६ ने काढली तर चौसष्ट अक्षरांची. फाइलमधला एक स्वल्पविराम जरी हलला तरी सगळी खूण बदलते. मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा साहेब म्हणाले होते, "म्हणजे फाइलीचा आंगठा." तेव्हापासून आमच्या वर्गात कोणी हॅश काढ म्हणत नाही, आंगठा घे म्हणतात. तो आंगठा आता संसदेने केलेल्या कायद्याच्या परिशिष्टात छापून आला होता. वाचून झाल्यावर साहेबांनी भाग अ वर बोट ठेवलं, मग भाग ब वर. "ही माही पोट्टी, हा तुमचा पोट्टा. एका कागदावर." मग लगेच त्यांच्यातला वकील जागा झाला. भाग ब मधला तज्ज्ञ कोण? सरकारने अधिसूचित केलेला परीक्षकच हवा, की जाणकार कोणीही चालेल? अमरावती-नागपूरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांवर आधीच किती भार आहे. रिसोडच्या एका दुकानातल्या कॅमेऱ्याच्या चित्रीकरणासाठी तज्ज्ञ कुठून आणायचा? यावर वर्गात वाद झाला, अजून चालतो. कायद्याची मुलं एका बाजूला आणि संगणकाची दुसऱ्या, असं त्यात होत नाही, जोड्या आपसांतच भांडतात.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास जमादारांनी एका आजींना आमच्याकडे पाठवलं. रिसोड तालुक्यातल्या. सोयाबीन विकलं होतं, पैसे खात्यात आले होते. गावाच्या व्हॉट्सॲप गटात ओळखीच्याच माणसाच्या क्रमांकावरून शेतकरी सन्मान योजनेच्या नावाने एक ॲप आलं. नातवाने ते फोनवर चढवलं. त्या ॲपला आलेले एसएमएस वाचायची परवानगी हवी होती, ती त्याने दिली. रात्रीतून ओटीपी येत राहिले आणि ॲप ते परस्पर पुढे पाठवत राहिलं. ज्या ओळखीच्याकडून ते आलं त्याचा फोनही आधीच बाधित झालेला. त्याला बिचाऱ्याला पत्ताही नव्हता.

नातवाने सकाळी उठल्याबरोबर १९३० ला फोन केला होता, म्हणून काही रक्कम मधल्या एका खात्यात अडकून राहिली. अडकलेली रक्कम परत मिळवायला तेव्हा न्यायालयाचा आदेश लागत असे. एका जोडीने बँकेच्या उताऱ्यावरून एकेका व्यवहाराचा क्रमांक लावून पैशाची वाट कागदावर उतरवली आणि अर्जाचा मसुदा केला, तो साहेबांच्या जुन्या सहकाऱ्यांनी दाखल केला. दुसऱ्या जोडीने तपास अधिकाऱ्यांसाठी फोनमधल्या ॲपच्या नोंदीचा कागद करायला मदत केली. तिथे प्रश्न आला, भाग अ वर सही कोणाची? फोन आजींचा, ताबा आजींचा. म्हणजे सही आजींची.

आजींना सही येत होती. पण त्या म्हणाल्या, "मी यात काय लिहून देऊन रायली, ते मले आधी सांगा." कायद्याच्या मुलाने वाचायला सुरुवात केली, 'विधिसंमत नियंत्रण' या शब्दावर तो थांबला आणि मग कागद बाजूला ठेवून त्यांच्याच बोलीत सांगू लागला. हा फोन तुमचाच हाये, तुम्ही रोज वापरता, त्या दिवशी तो बिघडलेला नोयता, आणि ते ॲप याच्यावरच आलं. आजींनी त्याला मधे अडवलं. "बिघडलेला नोयता, पन चार्जिंग लवकर उतरे. तेही लिहा." ते लिहिलं गेलं. मुलाला फॉर्मपेक्षा जास्त खरं सांगणारा साक्षीदार त्या दिवशी भेटला. रोखून धरलेली रक्कम पुढे आजींना मिळाली, बाकीची गेली ती गेली. पैसे मिळाल्यावर त्या वर्गात आल्या, एक पिशवीभर तूर दिली आणि माझ्या मुलांना म्हणाल्या, माह्यं नाव सांगू नका, पन कसं झालं ते गावोगाव सांगा. मुलं सांगतात. मी जिथे बोलतो तिथे सांगतो. हे तिसरं ऋण.

साहेबांनी मला स्वतःला कधी विद्यार्थी म्हटलं नाही, पण वागवलं तसंच. अभिरूप खटल्यात ते मला नेहमी साक्षीदाराच्या जागी उभं करत आणि उलटतपासणी मुलांना करू देत. मी 'साधारणपणे' म्हटलं की हात वर करत. 'सहसा' म्हटलं की हात वर करत. जे पाहिलं ते सांगा, जे केलं ते सांगा, जे अनुमान आहे त्याला अनुमान म्हणा. माझी बोलण्याची पद्धत त्यामुळे घरीसुद्धा बदलली आहे, असं माझी पत्नी सांगते.

मग खऱ्या कोर्टात जायची वेळ आली. ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानातला संगणक पोलिसांनी ताब्यात घेतला, तेव्हा मला पंच म्हणून बोलावलं होतं. तिथून काही तरुणांची खाती उघडली गेली होती आणि ती ठगांना भाड्याने दिली होती. आमच्या भागात हे फार वाढलं आहे. थोड्या पैशांसाठी मुलं पासबुक, सिमकार्ड, सगळं दुसऱ्याच्या हाती देतात आणि मग देशभरच्या तक्रारींत त्यांचं नाव येतं. आरोपी त्यांपैकीच एक. जप्तीचं नव्या कायद्याप्रमाणे चित्रीकरण झालं. लिहू न देणारं उपकरण मधे घालून डिस्कची प्रत घेतली गेली, आंगठा काढला गेला, चौसष्ट अक्षरं पंचनाम्यात लिहिली गेली आणि मी एकेक अक्षर ताडून सही केली.

साक्षीच्या दिवशी आरोपीच्या वतीने जी वकील उभी राहिली ती आमच्या रविवारची, कारंज्याच्या लग्नवाली मुलगी. तिने मला नमस्कार केला, तिथवर ओळख होती. मग तिने प्रश्न सुरू केले. डिस्कची प्रत घेताना तुम्ही खोलीत कुठे उभे होतात? उपकरण चालू होतं हे तुम्ही स्वतः पाहिलं की तुम्हाला सांगितलं गेलं? त्यावरचा दिवा कोणत्या रंगाचा होता? चित्रीकरण ज्या फोनने केलं तो कोणाचा, आणि त्याचं प्रमाणपत्र कुठे आहे? एकही प्रश्न वाया घालवला नाही तिने. दुकानात आणखी तीन जण बसत होते आणि त्या संगणकाला पासवर्ड नव्हता, हे तिने माझ्याच तोंडून नोंदवून घेतलं. तिच्या अशिलाच्या दृष्टीने ते महत्त्वाचं होतं आणि ते खरं होतं, म्हणून मी स्पष्ट सांगितलं.

बाहेर आल्यावर मी साहेबांना फोन केला. सगळं सविस्तर सांगायला लागलो, त्यांनी मधेच थांबवलं.

"घड्याळाचं विचारलं का पोट्टीनं?"

"विचारलं. संगणकाचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं."

"पंचनाम्यात हाये?"

"आहे साहेब. दुसऱ्या पानावर, दोन्ही वेळा लिहिल्या आहेत."

"मग तिनं पुढे काय विचारलं?"

"सात मिनिटं त्या दिवशी पुढे होतं. व्यवहार झाला त्या दिवशी किती पुढे होतं, ते विचारलं."

पलीकडून साहेब मोठ्याने हसले. या रविवारी हाच प्रश्न वर्गापुढे ठेवा म्हणाले, आणि तिलाही बोलवा.